रॉयचं ना-हरकत पत्र

९ नोव्हेंबर २०२५, रविवार

कंपनीने जानेवारीत दिलेली ही डायरी दहा महिने खणात कोरी पडून होती. आजपासून लिहितो. मला लेखनाची हौस नाही, पण रॉयच्या कॉलेज-बदलीचं सगळं तारीखवार कुठेतरी असावं. एकवीस वर्षं पोर्टच्या कागदांत काढली, आधी जुन्या दोहा पोर्टवर, आता हमद पोर्टवर. कागद नसेल तर भरलेला कंटेनर गेटबाहेर जात नाही. उद्या कुणी विचारलं, हॅरी, पोरासाठी काय केलंस, तर ही वही पुढे करीन.

रॉय वीस वर्षांचा. ओहायोत तिसऱ्या वर्षाला आहे, फुटबॉलच्या स्कॉलरशिपवर. आपला फुटबॉल, पायाने खेळायचा. लेफ्ट बॅक. स्कॉलरशिप साठ टक्के, बाकी मी आणि जसिंता भरतो. ती इथे नर्स आहे. तर यंदाचा सीझन संपला आणि साहेब खेळले किती? सव्वीस मिनिटं. तीही ऑगस्टमध्ये. पुढे सगळा वेळ बेंचवर. मी प्रत्येक मॅच इंटरनेटवर बघितली. कधीकधी तर तो बेंचवरही दिसला नाही.

त्यात अमेरिकेत यंदा नियम बदलला. आधी एका टीममागे जेमतेम दहा स्कॉलरशिप असायच्या, त्यांचेच तुकडे करून वाटायचे. आता स्कॉलरशिप किती द्यायच्या ते कॉलेजने ठरवायचं, पण टीममध्ये पोरं अठ्ठावीसच ठेवायची. रॉयच्या टीममध्ये एकतीस आहेत. जानेवारीपर्यंत तीन कमी करायचे. रॉय म्हणतो, कोचने सांगितलंय, तू माझ्या अठ्ठावीसांत आहेस. मी म्हटलं, मग खेळवत का नाही? तर म्हणे, "इट्स कॉम्प्लिकेटेड, पप्पा." यात काय कॉम्प्लिकेटेड आहे? लायकी असून बसवून ठेवलाय, एवढंच.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी चर्चमध्ये शुक्रवारची मिस्सा, मग घरी आल्यावर रॉयचा व्हिडिओ कॉल. पलंगावर बसला होता, पायांवर पांघरूण. मी म्हटलं, जरा उभा राहा, बघू दे बारीक झालास का. म्हणाला, थंडी आहे. जसिंताने विचारलं, सूज उतरली का? मी म्हटलं, कसली सूज? ती म्हणाली, दाढेची. जेनिफर बाजूला बसली होती, ती उठून आत निघून गेली. पंधरा वर्षांची झाली, पण घरात कुणी बोलत बसलं की हिला काम आठवतं.

मी कॉलेज बदलायचा विषय काढला. रॉयने ऐकून घेतलं, हो-नाही काही नाही. या पोराला भूकच नाही. मी त्याच्या वयाचा असताना वसईहून चर्चगेटला जाऊन टायपिंग शिकलो. याला अमेरिका मिळाली, तर हा बेंचवर समाधानी.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

बिन महमूद भागात धवलच्या ऑफिसात गेलो. हा नाशिकचा तरुण, खेळाडू मुलांना अमेरिकेत जागा मिळवून द्यायचं काम करतो. एक खोली, दोन खुर्च्या आणि भिंतभर कॉलेजांचे झेंडे. बोलायला गोड आहे. म्हणाला, काका, आता स्कॉलरशिपला मर्यादा नाही म्हटल्यावर काही कॉलेजं अठ्ठावीसच्या अठ्ठावीस पोरांना पूर्ण स्कॉलरशिप देतायत. टेक्सासमध्ये एका कॉलेजला लेफ्ट बॅक हवा आहे. रॉयचे मागच्या वर्षीचे व्हिडिओ त्याने दाखवले तेव्हा ते म्हणाले, पाठवा.

मी तिथेच मनातल्या मनात पूर्ण स्कॉलरशिप वसईला फोन करून सांगून टाकली.

मग त्याने पद्धत सांगितली. आपल्याला जायचंय असं मुलाने लेखी कळवलं की कॉलेज दोन दिवसांत त्याचं नाव ट्रान्सफर पोर्टलवर टाकतं. ही सगळ्या कॉलेजांना दिसणारी यादी. पण एकदा नाव गेलं की जुनं कॉलेज टर्म संपल्यावर स्कॉलरशिप बंद करू शकतं. म्हणून टेक्सासचं पक्कं होईपर्यंत जुन्या कॉलेजला अक्षर कळवायचं नाही. हे त्याने दोनदा सांगितलं. शिवाय रॉयचा ताजा फिटनेस रिपोर्ट मागितला. मी म्हटलं, पोरगा घोड्यासारखा आहे, रिपोर्ट काय, उद्या देतो.

२० नोव्हेंबर, गुरुवार

धवल पोरगा हुशार, पण कतारमध्ये आला २०२२ साली. एनओसी काय चीज होती हे त्याला माहीतच नाही. आता कायदा बदलला, पण आमच्या वेळी मालकाने ना-हरकत पत्र दिल्याशिवाय नोकरी बदलता येत नव्हती. मी २०१२ साली दुसऱ्या कंपनीत गुपचूप इंटरव्ह्यू दिला होता. पगार जवळजवळ दीडपट. तिथून माझ्या मॅनेजरला फोन आला आणि खलास. केबिनमध्ये बोलावून म्हणाला, तू आधी मला येऊन विचारलं असतंस तर मी सही केली असती, लपवलंस म्हणून आता मुळीच नाही. चार वर्षं त्याने मला त्याच खुर्चीत कुजवलं. माझ्याबरोबरचा एकजण एनओसीशिवाय सरळ निघून गेला, तर त्याच्यावर पळून गेल्याची केस आणि दोन वर्षं देशात यायला बंदी.

तेव्हापासून एक शिकलो. ज्याच्या हाताखाली आहोत त्याला आधी, लेखी, नम्रपणे विचारायचं. धवल म्हणतो ते लपवाछपवीचं काम मला पटत नाही. उद्या टेक्सासवाल्यांनी कोचला फोन केला तर?

२२ नोव्हेंबर, शनिवार

रॉयला सरळ विचारलं. तो म्हणाला, "पप्पा, आय अॅम गुड हिअर. प्लीज लीव्ह इट." मी आवाज चढवला. म्हटलं, गुड म्हणजे काय, सव्वीस मिनिटं? फिटनेस रिपोर्ट पाठव. तर म्हणतो, नंतर बघू. जसिंताने माझ्या हातातून फोन काढून घेतला आणि बेडरूममध्ये जाऊन अर्धा तास त्याच्याशी बोलत बसली. बाहेर येऊन म्हणाली, "त्याला काही दिवस सुखाने राहू द्या. तो कोच देवमाणूस आहे." देवमाणूस म्हणे. देवमाणूस असता तर खेळवला नसता?

घरात मला सोडून सगळ्यांचं काहीतरी ठरलेलं असतं, असं वाटतं हल्ली.

२४ नोव्हेंबर, सोमवार

आज काम केलं.

रॉय सतरा वर्षांचा असताना त्याच्या नावाने एक ईमेल खातं मी उघडलं होतं, कॉलेजांना लिहायला. त्याला इंग्रजी बोलता येतं, पण अर्ज लिहिता येत नाही. 'हाय कोच' म्हणून सुरुवात करतो. म्हणून त्या कोचशी पहिल्यापासून सगळा पत्रव्यवहार मीच केला, रॉयच्या नावाने. कोच एकदा त्याला म्हणालाही होता की एवढं आदराने लिहिणारा मुलगा मी पाहिला नाही. हे रॉय हसत हसत सांगायचा.

त्याच खात्यावरून आज पत्र पाठवलं. रिस्पेक्टेड सर, विथ ड्यू रिस्पेक्ट, आपण मला दिलेल्या संधीचा मी ऋणी आहे, तथापि चांगल्या भवितव्यासाठी मला दुसऱ्या कॉलेजात ट्रान्सफर घ्यायची इच्छा आहे, तरी कृपया आपण नो ऑब्जेक्शन सर्टिफिकेट द्यावं. खाली रॉयचं पूर्ण नाव आणि टीममधला नंबर. चार वेळा वाचलं. एक कॉमा काढला. यल्ला, चला, म्हटलं आणि पाठवलं.

घरी सांगितलं नाही. हातात कागद आला की सांगीन.

२६ नोव्हेंबर, बुधवार

आलं. दोन दिवसांत. मला कतारमध्ये चार वर्षं मिळालं नाही ते पोराला दोन दिवसांत मिळालं.

कोचने लिहिलंय, कळवल्याबद्दल आभार, तुझी विनंती पुढे पाठवली आहे, हे प्रामाणिकपणे सांगितल्याबद्दल तुझा आदर वाटतो, आम्हा सगळ्यांच्या तुला शुभेच्छा. बघा, आदर वाटतो म्हणतो. नम्रतेचं हे असं असतं. धवलला काय कळणार.

ऑफिसात काजूकतली नेली. माझ्या शेजारच्या टेबलावर अब्बास बसतो, हैदराबादचा, माझ्याहून जुना. त्याने मोबाईलवर कोचचं पत्र दोनदा वाचलं आणि म्हणाला, "साब, इसमें एनओसी लिखा किधर है?" मी म्हटलं, अमेरिकन लोक असंच लिहितात. त्याने काजूकतलीचा तुकडा घेतला, पण खाल्ला नाही, कागदात गुंडाळून ठेवला. त्याला शुगर आहे.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

काय लिहू.

सकाळी साडेसहाला रॉयचा फोन आला, जसिंताच्या मोबाईलवर. ती ड्यूटीचे बूट घालत होती. ऐकता ऐकता एकच बूट घातलेली, तशीच खाली बसली. रॉयचं नाव काल पोर्टलवर गेलं. जानेवारीच्या यादीत तो नाही. पुढच्या टर्मपासून स्कॉलरशिप बंद. स्कॉलरशिप नाही तर फी नाही, फी नाही तर व्हिसा नाही. तो म्हणत होता, मी काही कळवलंच नाही, मी काही केलेलंच नाही.

मला आधी वाटलं, काहीतरी चूक आहे. एनओसी मागितली म्हणजे सोडलं असं होत नाही. विचारलं म्हणजे फक्त विचारलं. मी हे मोठ्याने म्हणणार होतो, तोंड उघडलंही होतं.

तेवढ्यात जसिंता म्हणाली, "आता त्याचा गुडघा कोण बघणार?"

मी म्हटलं, कसला गुडघा?

सप्टेंबरमध्ये त्याचं ऑपरेशन झालं. प्रॅक्टिसमध्ये लिगामेंट तुटलं होतं. कॉलेजने सगळा खर्च केला. कोच हॉस्पिटलात रात्रभर बसला होता आणि म्हणाला होता, वर्षभर तू मैदानात उतरला नाहीस तरी तुझी जागा मी ठेवीन. अठ्ठावीसांतली एक जागा त्याने लंगड्या पोरासाठी अडवून धरली होती. हे जसिंताला माहीत, जेनिफरला माहीत. मला नाही. मी विचारलं, मला का नाही सांगितलं? जसिंताने दुसरा बूट हातात घेतला. जेनिफर दारात उभी होती, ती म्हणाली, "बिकॉज यू वुड हॅव शाउटेड, पप्पा."

मी शाउट केलं नाही. कामावर गेलो. दिवसभरात कंटेनरच्या सत्तावीस डिलिव्हरी ऑर्डर काढल्या, एकही चुकली नाही.

२९ नोव्हेंबर, शनिवार

रॉयचा फोन, आज माझ्या मोबाईलवर. मी खाली सुपरमार्केटमध्ये होतो. आधी विचारलं, मम्मी जवळ आहे का. मी म्हटलं, नाही.

मग म्हणाला, "पप्पा, ते पत्र कोचने मला दाखवलं. 'तथापि' असलेलं." म्हणजे त्याने इंग्रजीत म्हटलं, पण अर्थ तोच. "तुम्ही लिहिलं ना?"

मी हो म्हटलं. बाजूला एक बाई कांदे निवडत होती. मी सांगायला लागलो, एनओसी, २०१२, तो मॅनेजर. त्याने मधे तोडलं नाही, सगळं ऐकलं. मग त्याने सांगितलं की कोचला आणखी एकच नाव कमी करायचं होतं. दोन पोरं आधीच गेली होती. तिसरं कोणाचं काढावं याने तो हैराण होता आणि तेवढ्यात हे पत्र आलं. कोच रॉयला म्हणाला, तू माझं ओझं हलकं केलंस. रॉयने सांगितलं, मी लिहिलं नाही. कोचने विचारलं, मग कोणी? रॉयने माझं नाव घेतलं नाही.

"मम्मीला सांगू नका," म्हणाला. "शी विल नेव्हर फर्गिव्ह यू."

मी कांदे न घेताच वर आलो.

४ डिसेंबर, गुरुवार

धवलकडे गेलो. त्याने खुर्ची दिली, चहा दिला, आणि मी सगळं सांगितल्यावर बराच वेळ टेबलावरचा पेन फिरवत बसला. टेक्सासला त्याने गुडघ्याचं कळवलं, त्यांनी शुभेच्छा दिल्या. त्या लोकांच्या शुभेच्छांचा अर्थ मला आता कळतो. धवल म्हणाला, काका, पोर्टलमध्ये शेकडो पोरं आहेत, सगळी धडधाकट. सगळ्याच टीम माणसं कमी करतायत, ऑपरेशन झालेला लेफ्ट बॅक आता कुणी घेणार नाही. मग म्हणाला, मी तुम्हाला दोनदा सांगितलं होतं. हे त्याने हळू आवाजात म्हटलं. ओरडला असता तर बरं झालं असतं.

८ डिसेंबर, सोमवार

एक दार उघडं आहे. स्कॉलरशिप काढली की मुलाला कॉलेजच्या कमिटीपुढे दाद मागता येते. रॉयने अर्ज केला. सुनावणी १८ तारखेला. कोचही त्याच्या बाजूने बोलेल, पण विनंती रॉयची नव्हती हे आधी सिद्ध झालं पाहिजे. त्यासाठी माझं निवेदन हवं. मी रॉयचा बाप, हे पत्र मी त्याच्या परवानगीशिवाय, त्याला न कळवता पाठवलं. बुधवार १७ तारखेपर्यंत पोचलं पाहिजे.

रॉय म्हणाला, "जस्ट टू लाइन्स, पप्पा. साधा ईमेल. मम्मीला कळायची गरज नाही."

दोन ओळी. मी दिवसाला पन्नास ईमेल लिहितो. आज रात्री जेवल्यावर लिहून टाकतो.

१० डिसेंबर, बुधवार

साध्या ईमेलला कोण विचारतो? उद्या म्हणतील, हाही पोरानेच बापाच्या नावाने लिहिला. स्टॅम्प हवा. अॅफिडेव्हिट करून, एम्बसीतून अटेस्ट करून, स्कॅन करून पाठवायचं. काम पक्कं करायचं तर पक्कंच करावं. फरीज बिन ओमरानमध्ये आमच्या मागच्या गल्लीत टायपिंग सेंटर आहे, तिथे जाऊन आलो. गर्दी होती.

१३ डिसेंबर, शनिवार

मसुदा केला. पहिल्या वाक्यात 'माझ्या मुलाच्या नावाने' असं येतं. ते वाचताना लक्षात आलं, ते विचारतील, आधीची पत्रं कोणाची? २०२३ पासूनची सगळीच माझी आहेत. मग म्हणतील, हा मुलगा आत आला तोच बापाच्या पत्रांवर. सगळीच अॅडमिशन खोटी ठरवतील. व्हिसावर शेरा मारतील. म्हणजे मी खरं सांगून त्याचं जास्त नुकसान करायचं? याचा नीट विचार करायला हवा.

रॉयचा मेसेज, पाठवलंत का. मी लिहिलं, प्रोसेसमध्ये आहे.

१५ डिसेंबर, सोमवार

रॉयचा मेसेज. मी लिहिलं, इन्शाल्ला उद्या.

आज जसिंताने मोसंबी सोलून माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाली, तुमचा चेहरा बघवत नाही, तुम्ही स्वतःला त्रास करून घेऊ नका, त्या पोर्टलवाल्यांना देव बघून घेईल. मी मोसंबी खाल्ली.

१७ डिसेंबर, बुधवार

हाफ डे घेऊन एम्बसीत गेलो. साडेबारा वाजले होते, अर्ज घ्यायची वेळ संपली होती. सकाळी का गेलो नाही? सकाळी एक जहाज लागलं होतं. दुसऱ्या कोणालाही ते बघता आलं असतं. उद्या नॅशनल डेची सुट्टी, मग शुक्रवार, शनिवार. म्हणजे रविवार.

गाडीत बसून मोबाईलवर त्या दोन ओळी टाइप केल्या. कमिटीचा पत्ताही टाकला. स्टॅम्प नको, काही नको, फक्त बोट टेकवायचं होतं. खरं सांगायचं तर बोट चाललं नाही. डोळ्यांपुढे जसिंता येत होती. कमिटीचं उत्तर येईल, रॉय तिला सांगेल, नाही सांगितलं तरी तिला कळेल, तिला सगळं कळतं. बावीस वर्षांच्या संसारात तिने मला चुकलेला पाहिलाय, पण असा नाही.

नंतर पाठवू म्हणून तसंच ठेवलं. अजून ड्राफ्टमध्ये आहे. ओहायोत संध्याकाळचे पाच वाजून गेले, मुदत संपली.

१९ डिसेंबर, शुक्रवार

सुनावणी झाली. जसिंताने रॉयला स्पीकरवर घेतलं, म्हणून सगळं माझ्यादेखत झालं.

तो म्हणाला, कमिटीने विचारलं, हे पत्र तू पाठवलंस का? मी हो म्हटलं, आणि त्यांनी अर्ज फेटाळला.

जसिंताला कळेना. ती म्हणाली, पण तू तर म्हणत होतास मी नाही पाठवलं.

"मी खोटं बोललो, मम्मी. मीच पाठवलं होतं. मोठ्या कॉलेजात जायचं होतं मला. नंतर घाबरलो."

तिने फोन बंद केला. खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. खाली अजून कालच्या नॅशनल डेच्या झेंड्यांच्या गाड्या फिरत होत्या, हॉर्न वाजवत. ती म्हणाली, असं पोर माझ्या पोटी कसं आलं? त्या कोचने जागा अडवून धरली आणि याने त्यालाच लाथ मारली, वर खोटं बोलला.

मी खोलीतच होतो. माझ्या तोंडातून निघालं, जाऊ दे, लहान आहे. एवढंच निघालं.

संध्याकाळी मी त्याला एकट्याने फोन केला. विचारलं, असं का सांगितलंस? तो म्हणाला, "तुमचं लेटर आलंच नाही, पप्पा. मग त्यांना काय सांगायचं होतं? माझ्या बापाने चोरून लिहिलं, आणि आता कबूल करायला तयार नाही, असं?"

मी एम्बसीची वेळ सांगायला लागलो. तो म्हणाला, "ओके, पप्पा. ओके."

२१ डिसेंबर, रविवार

नाताळाआधीचं कन्फेशन. चर्चमध्ये लांब रांग होती. सव्वा तास उभा होतो, मनात वाक्यं जुळवली होती. आत गुडघे टेकले आणि फादरना सांगितलं की मी घरात आवाज चढवतो, दोन शुक्रवार मिस्सा चुकवली, ऑफिसात एकाबद्दल वाईट बोललो. फादर म्हणाले, अजून काही? मी म्हटलं, नाही, फादर. त्यांनी प्रायश्चित्त म्हणून तीन नमो मारियाच्या प्रार्थना सांगितल्या. मी दहा म्हटल्या.

२३ डिसेंबर, मंगळवार

रॉय आला. विमानतळावर मी एकटाच गेलो, जसिंता आली नाही. इथून जाऊन दोन वर्षं झाली, त्याची रेसिडेन्सी कधीच संपली, म्हणून तीस दिवसांचा व्हिसा शिक्का मारून मिळाला. माझा पोरगा माझ्याच घरी व्हिजिटवर. मग वसईला जाईल, माझ्या भावाकडे. तिथे कुठल्यातरी कॉलेजात बघू.

दोन बॅगा आणि गुडघ्याला काळा पट्टा. एक पाय सरळ ठेवून चालतो. मी बॅग घ्यायला गेलो तर म्हणाला, आय गॉट इट. गाडीत मी म्हटलं, मी मम्मीला सांगतो सगळं, आजच. तो बाहेर बघत होता. म्हणाला, "कशाला? शी इज ऑलरेडी अँग्री विथ मी. दोघांवर कशाला?"

हे त्याने रागाने म्हटलं असतं तर मी सांगितलं असतं. असं मला वाटतं.

घरी आल्यावर जसिंताने त्याला जेवायला वाढलं आणि स्वयंपाकघरात निघून गेली. ती त्याच्याशी बोलत नाही. जेनिफरने मात्र त्याच्या गळ्यात हात टाकला, आणि त्याच्या खांद्यावरून माझ्याकडे बघत राहिली. ती काय समजलीय कुणास ठाऊक. तिला विचारायची माझी हिंमत नाही.

२४ डिसेंबर, बुधवार

आत्ता मिस्सेला निघायचंय, सगळे तयार होतायत, तेवढ्यात लिहितो.

संध्याकाळी घरात रोझरी म्हटली. आमच्याकडे रोझरी संपली की मुलं आईबापासमोर गुडघे टेकून आशीर्वाद घेतात, नाताळच्या आदल्या दिवशी तर हमखास. जेनिफरने घेतला. मग रॉय पुढे आला. त्याला गुडघा वाकवता येत नाही, म्हणून सोफ्याचा हात धरून एका बाजूने टेकला.

तो आधी जसिंतासमोर आला होता. तिने हात मागे घेतला. पाच दिवसांत ती पहिल्यांदाच त्याच्याशी बोलली. "आधी पप्पांची माफी माग," म्हणाली. "या माणसाने तुझ्यासाठी काय नाही केलं? तुझे अर्ज लिहिले, मॅचेस बघायला रात्र-रात्र जागले. महिनाभर धड जेवले नाहीत. आणि तू त्यांच्या तोंडाला काळं फासलंस. माग माफी."

मी म्हटलं, जसिंता, राहू दे. ती म्हणाली, तुम्ही मधे बोलू नका, तुम्ही नेहमी त्याला पाठीशी घालता.

रॉय त्याच सोफ्याला धरून माझ्याकडे सरकला. उठला नाही, तसाच, गुडघ्यावर. घामाने त्याचं कपाळ ओलं झालं होतं. त्याने वर बघितलं. मला वाटलं, आता हा बोलेल. देवा, बोलू दे त्याला, असं मी मनात म्हटलं. खरंच म्हटलं.

तो म्हणाला, "आय अॅम सॉरी, पप्पा. मला माफ करा."

तिघं माझ्याकडे बघत होती. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हटलं, "माफ केलं."

जसिंता रडायला लागली. रॉयला म्हणाली, बघ, बाप कसा असतो ते बघ. रॉयने मान हलवली. त्याला उठता येईना, म्हणून मी हात पुढे केला. त्याने तो धरला, अंगाचा सगळा भार माझ्यावर टाकला आणि उठला.